चौथ्या पायाखालची फट

मंगळवार, ६ फेब्रुवारी

लेथ घरात आली. चार हमालांनी आणली आणि चौघांनीही मला शिकवायचा प्रयत्न केला. एक म्हणाला आडवी करा, दुसरा म्हणाला दाराची चौकट काढा. मी त्यांना गप्प बसवलं, जमिनीवर दोन लोखंडी पाइप टाकले आणि त्यांच्यावरून ढकलत मशीन मागच्या खोलीत नेलं. चौकटीला एक ओरखडा गेला. तो हमालांमुळे.

चार फुटी बेडची जुनी लेथ आहे, लोखंडी दांडे फिरवत कातायचं मशीन. बंद पडलेल्या एका शाळेच्या कार्यशाळेत पडून होती, भंगारवाला तोडायलाच निघाला होता. वरून नुसता गंज. पण मी चक, म्हणजे दांडा धरणारा फिरता जबडा, हातानं फिरवला आणि कान लावला. आतून खरखर नाही, लोण्यासारखा फिरला. बेअरिंग शाबूत आहेत हे भंगारवाल्याला कळत नव्हतं आणि मीही कळू दिलं नाही.

मागची खोली म्हणजे आमची धुण्याची खोली. हिचं धुणं आता बाहेर अंगणातल्या नळावर. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं आहे.

हा खटाटोप कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो. कारखान्यात दुरुस्ती खात्यात शेवटचा शब्द माझा असायचा. नवा मॅनेजर आला, त्यानं सगळ्यांची सर्टिफिकिटं मागवली. माझ्याकडे कागद नाही, हात आहेत. हात फायलीला जोडता येत नाहीत म्हणे. घरी बसवलं. धाकटा भाऊ एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्याचा प्रमुख आहे. त्यानं मार्चअखेरपर्यंत आपल्या हाताखाली एक जागा माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. ‘हाताखाली’ हा शब्द तो वापरत नाही, ‘माझ्याबरोबर’ म्हणतो. तेवढा तो गोड बोलतो.

ही लेथ सरळ चालली तर मला कुणाच्या बरोबर जावं लागणार नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

मशीन पूर्ण खोललं. एकेक भाग रॉकेलच्या घमेल्यात. नट-बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं वेगवेगळ्या डब्यांत. हिनं पुसायला जुने कपडे दिले, पण बटणांसकट. बटण घासलं की ओरखडा पडतो हे मी तिला मागेही सांगितलं होतं. ती सगळे कपडे परत घेऊन गेली, बटणं काढून आणली आणि ती एका वाटीत माझ्यापुढे ठेवून म्हणाली, यांचाही क्रम लावायचा आहे का? चेष्टा होती की काय, चेहऱ्यावरून कळलं नाही.

रंगाचे तीन थर निघाले. वर हिरवा, खाली राखाडी, त्याखाली काळा. शाळेतल्या कुणा दिवट्यानं बेडच्या कडेला खिळ्यानं बदाम कोरून त्यातून बाण काढला आहे. तो मी घासून टाकला.

बेडचं मात्र आश्चर्य वाटलं. बेड म्हणजे लेथचा कणा. त्याच्या दोन रुळांवरून हत्याराचा गाडा पुढेमागे सरकतो. बाकी सगळं मशीन गंजलेलं, पण रूळ साफ. कुणीतरी शेवटच्या दिवशी त्यांच्यावर बोटभर ग्रीस थापून ठेवलं होतं. कोण होता कोण जाणे, पण कामाचा माणूस. आजकाल शाळा बंद होताना लोक पंखे काढून नेतात.

शनिवार, १७ फेब्रुवारी

बाजारातला पंपवाला येऊन गेला. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, मोठं गिऱ्हाईक आहे त्याचं. पंपांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, तो ज्या टर्नरकडून कातून घेतो तो मार्चअखेर गाशा गुंडाळून मुलाकडे राहायला चालला आहे. मी मशीन पुसत होतो. पंपवाल्यानं रंगावरून बोट फिरवलं आणि हसला.

“मिस्त्री, मला देखणं मशीन नको. शाफ्ट या टोकाला जेवढा, तेवढाच त्या टोकाला पाहिजे. नाहीतर बेअरिंग महिन्यात गळा काढतं आणि गिऱ्हाईक माझा धरतं.”

मला मिस्त्री म्हटलेलं चालत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून सोडून दिलं. ठरलं ते असं: नमुन्याचे शाफ्ट करून दाखवायचे, त्याच्या मायक्रोमीटरवर पास झाले की एप्रिलपासून त्याचं सगळं काम माझ्याकडे. बारा महिन्यांचं काम. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनवर, वर कुणी नाही.

हिला सांगितलं. ती म्हणाली, चांगलं आहे, पण भावजींनाही तोपर्यंत नाही म्हणू नका. हिचा माझ्यावर एवढाच विश्वास.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज मशीन उभं केलं. फरशीला भोकं पाडून चार बोल्ट गाडले होते, सिमेंट चांगलं सुकू दिलं. चार पायांपैकी तीन नीट टेकले. चौथा, मोरीकडच्या कोपऱ्यातला, अधांतरी राहिला. पाणी वाहून जावं म्हणून त्या बाजूला फरशीला उतार आहे. पायाखाली एखादं नाणं सरकेल एवढी फट.

हयगयीचं काम मला जमत नाही. पान्याला पाइप लावला आणि अंगाचा जोर घालून बोल्ट आवळला. फट हळूहळू मिटली. शेवटी नखसुद्धा जाईना. मशीन आता असं बसलं आहे की खोली हलेल, ते हलणार नाही. हिला बोलावून दाखवलं. तिनं विचारलं, एवढं आवळल्यावर त्याला काही होत नाही ना? बिडाचा कणा आहे, म्हटलं, पापड नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पहिला दांडा लावला. आवाज देखणा. कीस कुरळा, निळसर, न तुटता खाली उतरत होता. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो. बऱ्याच दिवसांनी हाताला काम लागल्यासारखं वाटलं.

मग मोजलं. चकाजवळ एक माप, दुसऱ्या टोकाला दुसरं. फरक केसाच्या जाडीचा, पण पंपाला तेवढाच पुरतो. पुन्हा कातला, पुन्हा तोच फरक. दुसरा दांडा, हत्याराला नवी धार. तोच फरक, त्याच बाजूला.

म्हणजे बेड झिजला आहे. शाळेतल्या पोरांनी वाट लावली. वरून साफ दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला हे माझं चुकलं. ग्रीस थापणाऱ्यानं झीज लपवण्यासाठीच थापलं असणार.

रविवार, २५ फेब्रुवारी

धाकटा आला होता. सहज आलो म्हणाला, पण सहज येणारा माणूस बगलेत लाकडी पेटी घेऊन येत नाही. पेटीत टूलरूमची लेव्हल. गवंड्याच्या पाणसळीचा साहेबी अवतार. काचेत फुगा, आणि तो एवढा नाजूक की कुणी जवळ शिंकलं तरी सरकेल. दांड्याची भानगड याला कुणी सांगितली, ते विचारायची गरज नव्हती. ही चहा टाकायच्या निमित्तानं आत जाऊन बसली होती.

त्यानं लेव्हल बेडवर आडवी ठेवली. चकाकडे ठेवली तेव्हा फुगा मध्यावर. दुसऱ्या टोकाला नेली तेव्हा फुगा कडेला पळाला. तो माझ्याकडे बघू लागला, जसं काही त्यानं चोर पकडला.

मी म्हटलं, फरशीला उतार आहे हे मला माहीत आहे, मीच राहतो या घरात. आणि लेथ सपाटीवरच लागते असं कुणी सांगितलं? जहाजावरसुद्धा लेथ असते. जहाज डुलतं, तरी ती सरळ कातते. हे मी स्वतः वाचलेलं आहे.

तो म्हणाला ते बरोबर आहे, कलली तर चालते. आणि मग वाकून मोरीकडच्या पायावर हात ठेवून म्हणाला, “दादा, मशीन खराब नाहीये. तू ते पिळलंयस. हा एक बोल्ट सैल कर, पायाखाली पत्र्याची चकती सरकव, मग आवळ. अर्ध्या तासाचं काम आहे. मी करू का?”

चकती. म्हणजे मी जे पाइप लावून, घाम गाळून बसवलं, ते आता पत्र्याच्या तुकड्यावर उभं करायचं. आणि ‘मी करू का’. माझ्या खोलीत, माझ्या मशीनला.

मग मी जरा जास्त बोललो. पण खोटं बोललो नाही. म्हटलं, “मी शाळा सोडून गॅरेजात गेलो म्हणून तुझ्या हातात आज ही लेव्हल आहे. ती माझ्यावरच लावायला आणू नकोस.”

त्यानं लेव्हल पेटीत ठेवली. पेटी बंद केली, पण उचलली नाही. ठेवून जातो, वाटलं तर बघ, एवढंच म्हणाला. चहा न घेता गेला. ही दारापर्यंत त्याच्यामागे गेली आणि बराच वेळ परत आली नाही. चहा दोन्ही कपांतला मीच प्यायलो.

शुक्रवार, १ मार्च

बेड खरवडायचं ठरवलं आहे. हे काम यंत्रानं होत नाही, हातानंच करावं लागतं. सरळपट्टीला निळा रंग लावायचा, रुळावर फिरवायची. जिथं निळं उमटतं तिथं उंचवटा. तो स्क्रेपरनं खरवडायचा. एका फेरीत निघतं ते एवढं थोडं की फुंकरीनं उडून जातं. आणि एकदा काढलं की परत लावता येत नाही. म्हणून आजकाल हे काम कुणी करत नाही. मी करणार.

एक गोष्ट विचित्र आहे. निळा रंग रुळावर सगळीकडे सारखा उमटतो. म्हणजे पट्टीच्या मते रूळ सरळ आहेत. पण दांडा म्हणतो नाहीत. मी दांड्याचं ऐकायचं ठरवलं. शेवटी पंपात पट्टी बसवायची नाही, दांडाच बसवायचा आहे.

शनिवार, ९ मार्च

मनगट सुजलं आहे. रात्री कूस बदलताना जाग येते. थोडं खरवडायचं, दांडा कातून बघायचा, मोजायचं, पुन्हा थोडं. मागचा रूळ चकाच्या बाजूनं जास्त काढावा लागतो आहे, पुढे कमी. सगळीकडे सारखं नाही, जिथं दांडा सांगेल तिथं. फरक मात्र हटतो आहे. निम्म्यावर आला.

हिनं हळद लावून मनगट बांधून दिलं. बांधताना म्हणाली, ती पेटी एकदा उघडून बघितली असती तर? मी हात ओढून घेतला. बांधलेलं सुटलं. तिनं ते पुन्हा बांधलं नाही.

अंगणातल्या दोरीवरचे ओले कपडे वाऱ्यानं खिडकीशी येतात. मशीनला दमट हवा चालत नाही, दोरी पलीकडे बांध म्हणून सांगितलं. पलीकडे ऊन नसतं म्हणाली. मग उशिरा वाळतील, एवढंच ना.

शनिवार, १६ मार्च

आज जमलं.

दांडा कातला, पूर्ण गार होऊ दिला, कारण गरम लोखंड खोटं माप देतं. मग मोजला. चकाजवळ, मध्ये, टोकाला. माप एकाच रेघेवर. दुसरा दांडा लावला, तोही तसाच. मी स्टुलावर बसून राहिलो. डोळ्यात पाणी आलं असं लिहिणार नाही, पण बसून राहिलो हे खरं.

हिला हाक मारली. तिनं हात पुसत येऊन बघितलं आणि मनापासून हसली. किती दिवसांनी. म्हणाली, मला त्यातलं कळत नाही, पण तुमचं तोंड बघून कळलं. मला जरा बरं वाटलं. तिचे हात गार पाण्यानं पांढरे पडले होते.

ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी यावं आणि असा बेड करून दाखवावा.

सोमवार, १८ मार्च

पंपवाल्यानं नमुने स्वतः मोजले. आधी माझ्या मायक्रोमीटरवर, मग संशय नको म्हणून त्याच्या. मग चष्मा काढून म्हणाला, मिस्त्री, बोलायला जागा ठेवली नाहीत. रविवारी दांड्यांची पहिली खेप पाठवतो म्हणाला. महिनाअखेर पहिले शाफ्ट हवेत, कारण दोन मोठे पंप उघडून पडले आहेत आणि तो टर्नर सामान बांधून बसला आहे.

तो गेल्यावर मी धाकट्याला फोन केला. गरज नव्हती, पण केला. सगळं तपशिलात सांगितलं. तुझी चकती न घालता झालं, हेही सांगितलं. आणि ती जागा आता कुणालाही देऊन टाक म्हटलं. त्यानं विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. तो म्हणाला, बरं, उद्या कळवतो त्यांना, दोघं-तिघं वाट बघतच आहेत. मग म्हणाला, एवढं हातानं केलंस, मला आयुष्यात जमलं नसतं. हे तो खरंच बोलला असावा. तिथंच फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण तो थांबला आणि म्हणाला,

“दादा, एकच सांगतो. आता ते बोल्ट हलवू नकोस. कधीच.”

मी विचारलं का. तो म्हणाला, काही नाही, नीट चाललंय ना, राहू दे तसंच.

हरलेल्या माणसाला शेवटचा शब्द आपलाच हवा असतो.

गुरुवार, २१ मार्च

‘कधीच.’ दाढी करतानासुद्धा तेच डोक्यात. म्हणजे याचं म्हणणं काय? मी पंधरा दिवस घासलं ते काहीच नाही, आणि सगळं त्या एका बोल्टावर उभं आहे? उद्या कुणी विचारलं तर हा सांगणार, दादाची लेथ ना, ती बोल्टानं दाबून धरली आहे म्हणून सरळ चालते.

हिला विचारलं, तुझ्याशी काही बोलला का तो बोल्टबद्दल? ती भाजी चिरत होती. म्हणाली, माझ्याशी कशाला बोलतील, मला काय कळतं त्यातलं. वर बघितलं नाही.

रविवार, २४ मार्च

दांड्यांची खेप आली. संध्याकाळपर्यंत पहिला शाफ्ट तयार. आरशासारखा. तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून कपाटात वेगळा ठेवला. पंपवाल्याला खेप देताना हा सगळ्यात वर ठेवणार.

मंगळवार, २६ मार्च

सोक्षमोक्ष लावून टाकावा म्हटलं. डोक्यात किडा घेऊन बारीक काम होत नाही.

शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलं. मोरीकडच्या टोकाला, बेडच्या कडेला डायल लावला. डायल म्हणजे केसाच्या दहाव्या भागाएवढी हालचाल झाली तरी काटा सांगतो. बिडाचा कणा एका बोल्टानं हलत नाही, काटा जागचा हलणार नाही, आणि मग धाकट्याला बोलावून दाखवायचं, असा बेत. ही मशीनच्या खोलीच्या दारात उभी होती. काय करताय, विचारलं. खात्री करतोय, म्हटलं. कसली, म्हणाली. मी पाना उचलला. ती म्हणाली, नका करू. का ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाइप लावला, बोल्ट सैल केला.

काटा फिरला. थोडा नाही, अर्धी तबकडी. पाय वर उचलला गेला आणि त्याच्याखाली फट दिसली. जशी पहिल्या दिवशी होती, नाणं सरकेल एवढी.

मी लगेच पुन्हा आवळायला लागलो. अर्ध्यावर बोल्ट घट्ट लागला, मग अचानक हलका झाला. फरशीतून करकर आवाज आला. आणखी एक फेरा दिला तशी फरशीची खपली उचकटली आणि बोल्ट सिमेंटच्या गोळ्यासकट वर आला. दात मुळासकट यावा तसा.

ही दारात नव्हती. केव्हा गेली ते लक्षात आलं नाही.

बुधवार, २७ मार्च

दांडा कातून बघितला. फरक आहे. आधीपेक्षा जास्त, आणि उलट्या बाजूला.

सिमेंट निकृष्ट होतं. आजकाल पोत्यात राख जास्त.

शुक्रवार, २९ मार्च

दोन दिवस पायाखाली काही ना काही सरकवून बघतो आहे. हो, पत्र्याच्या चकत्याही. एका टोकाला जुळलं की मध्ये बिघडतं, मध्ये जुळलं की टोकाला. पहिल्या दिवशी एवढं तरी नव्हतं.

पंपवाला आला. मोटरचा बिघाड आहे, आठवडा लागेल म्हटलं. त्यानं उखडलेल्या फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाला की पंप उघडून ठेवलेत, त्यावर माणसांचं पाणी अडलंय. तुम्ही कराल यात शंका नाही, पण मला आता पाहिजे. दुसऱ्या गावात एक टर्नर बघून ठेवला होता, त्याला सांगतो. दांडे न्यायला माणूस पाठवतो.

जाताना मिस्त्री म्हणाला नाही. साहेब म्हणाला. हे जास्त लागलं.

रविवार, ३१ मार्च

धाकटा आला. मी बोलावलं नव्हतं. आज त्यानं मला काही विचारलं नाही. स्वतःच पेटी उघडली, गुडघे टेकून फरशीवर बसला आणि दुपारभर कधी लेव्हल, कधी डायल लावून बघत राहिला. पँटला तेल लागलं, त्याकडे लक्षही नाही. लहानपणी सायकलची चेन बसवताना मी असाच बसायचो आणि तो शेजारी उभा राहून बघायचा. आज मी उभा होतो.

शेवटी उठला, हात पुसले.

“नाही यायचं, दादा. तू पिळासकट घासलंयस. पीळ निघून गेला, घासलेलं राहिलं. आणि घासलंयस जागोजागी वेगळं. आता कितीही चकत्या घातल्या तरी सगळं एकदम जुळणार नाही. बेड काढून मोठ्या ग्राइंडिंगला पाठवावा लागेल.”

ते कुणाला परवडणार, हे दोघांनाही माहीत होतं. मी विचारलं नव्हतं तरी त्यानं सांगितलं की त्या जागेवर मंगळवारपासून एक मुलगा लागला आहे. मी पुन्हा शब्द टाकीन, वेळ लागेल, म्हणाला. मग खाली बघत त्यानं विचारलं, “मी हलवू नकोस म्हटलं म्हणून सैल केलास का?”

नाही, म्हटलं. देखभालीसाठी केला. ठरलेली देखभाल असते.

तो मान हलवत राहिला. तेवढ्यात ही दारातून बोलली. चढ्या आवाजात नाही. कपड्यांचा ढीग हातात तसाच.

“मी सांगितलं होतं भावजींना, बोल्टबद्दल यांच्याशी एक अक्षर बोलू नका. बोललात की हे हात लावणार. त्यांना वाटलं, एवढं सांगावंच लागेल.”

म्हणजे माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या स्वभावाची चर्चा चालते. मी काय केल्यावर काय करीन याचा हिशेब दोघं मिळून मांडतात. मी यंत्र आहे का? तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, यंत्राचं काय ते भावजींना कळतं, तुमचं मला कळतं. आणि कपडे घेऊन अंगणात गेली.

धाकट्यानं या वेळी पेटी उचलून नेली.

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. त्यानं ‘कधीच’ म्हटलं नसतं तर मी त्या बोल्टला हात लावला नसता. मशीन आजही सरळ चाललं असतं. तेव्हा चूक नेमकी कुणाची, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. अर्थात वाचणार कोण.

मंगळवार, २ एप्रिल

ही सकाळीच गेली. धाकट्याच्या टूलरूममध्ये पॅकिंगला बायका लागतात, तेलकट कागदात सुटे भाग गुंडाळायला. काल संध्याकाळी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, थोरल्याची बायको धाकट्याच्या कारखान्यात. ती म्हणाली, लोक म्हणतील काम करते. डबा झाकून ठेवला आहे, पोळ्या फडक्यात आहेत, एवढं सांगून बस पकडायला गेली. चालताना वळून बघितलं नाही. बस चुकली असती, हेही खरं.

पंपवाल्याचा माणूस दांडे न्यायला आला. मोजून घेतले तेव्हा एक कमी भरला. एक मी आधीच वापरला होता, मालकाला तसं सांग म्हटलं. त्यानं बाकीचे गाडीत भरले आणि गेला.

घर इतकं शांत की अंगणातला नळ टपकतो तो ऐकू येतो. वायसर गेला आहे. बदलायला हवा.

कपाटातून तो पहिला शाफ्ट काढला. कागद सोडला, तेल पुसलं. मायक्रोमीटर आधी शून्यावर तपासला, हाताची ऊब लागू नये म्हणून फडक्यात धरला. चकाकडच्या टोकाला मोजलं. मध्ये मोजलं. दुसऱ्या टोकाला मोजलं.

तिन्ही ठिकाणी सारखा. कुणीही येऊन मोजून बघावं.